नमुन्याबरहुकूम

भालचंद्रपंत जामखेडकरांनी घरांचा दलाल व्हायचं ठरवलं ते सत्तावन्न सालच्या श्रावणात, एका सोमवारी, भगरीचा तिसरा घास तोंडात असताना. त्यांचा कुठलाही मोठा विचार तिसऱ्या घासाला यायचा आणि चौथ्याला पक्का व्हायचा. पाचव्या घासाला त्यांनी तो बायकोच्या कानावर घातला.

"ऐकलं का? शेटजींकडून महिनाभर सुट्टी घेतो. घरांची दलाली करून पाहतो."

प्रेमलाबाई समोर सूप घेऊन ज्वारी निवडत बसल्या होत्या. त्यांनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "कुणाची घरं?"

"लोकांची."

"अन् लोकांनी ती तुमच्या हातात का म्हणून द्यायची?"

पंतांना हा प्रश्न अपेक्षितच होता. ते अठरा वर्षं जालन्याच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, एका आडत दुकानावर गुमास्ते होते. शेतकऱ्याचं पोतं या बाजूला, खरेदीदार त्या बाजूला, आणि मधे दलाल. पोतं त्याचं नाही, पैसा त्याचा नाही, तरी रुबाब मात्र सगळा त्याचाच. आता राज्य बदललं होतं. हैदराबादेचा कारभार उठून मुंबईला गेला होता आणि कचेऱ्यांतून नवे नवे साहेब जालन्यात उतरत होते. प्रत्येक साहेबाला बायको होती, प्रत्येक बायकोला घर हवं होतं, आणि मधे उभं राहायला अख्ख्या गावात कोणीही नव्हतं. श्रावणात मोंढ्यात माल नसतो, माशा असतात. म्हणजे हा महिना देवानंच मोकळा करून दिलेला होता. घर म्हणजे तरी काय, एक मोठं पोतंच की, असं पंत म्हणाले आणि स्वतःच्याच वाक्यावर खूश होऊन त्यांनी ताक मागितलं.

प्रेमलाबाईंनी ताक वाढलं. "तुम्हाला काय करायचं ते करा. मी आडवी येत न्हाई. फकत एक सांगून ठेवते. लग्न झाल्यापासून पाच घरं बदलली मी. कुठं छत गळायचं, कुठं पाणी दोन फर्लांगावर. हे सहावं. हितं दारात नळ हाय. आता मला हितून हलवायचं न्हाई."

"तुला कोण हलवतंय?" पंत हसले. "मी लोकांना हलवायचा धंदा करतोय."

घाणेवाडीच्या तलावाचं पाणी नळानं ज्यांच्या दारात येई अशी घरं कादराबादेत मोजकीच, आणि त्यांतलं हे एक होतं. वडीगोद्रीच्या बद्रीनाथ नावाच्या दुकानदाराचं हे घर. तो दर महिन्याला भाड्याला यायचा आणि नळाकडे बोट दाखवून उसासा टाकायचा, जणू नळातून पाण्याऐवजी त्याचंच रक्त चाललं होतं. प्रेमलाबाईंनी सहा वर्षांत त्या तीन खोल्यांचं सोनं केलं होतं. फळीवर डबे उंचीप्रमाणे, तांब्याची भांडी चिंचेनं उजळलेली, खिडकीतून कुंडलिकेचं पात्र दिसायचं. ते घर त्यांच्या जिवाचा तुकडा होतं आणि हे पंतांना ठाऊक होतं. ठाऊक नसतं तर एक वेळ माफ करता आलं असतं.

धंदा सुरू होतोय म्हटल्यावर सल्ला सुरू झाला. शेजारचे काकासाहेब निजामाच्या अमदानीत कचेरीत पेशकार होते. नोकरी जाऊन आठ वर्षं झाली तरी त्यांच्या अंगावरची शेरवाणी काही उतरली नव्हती.

"भालचंद्रराव, बिगर परवान्याची दलाली म्हणजे बिलकुल गलत काम," ते म्हणाले. "उद्या कोणी दरखास्त दिली तर? पयले परवाना. मंग पाटी. मंग गिऱ्हाईक."

पंत परवान्याला गेले. पहिल्या कचेरीतल्या कारकुनानं यादी काढली. धान्याचे दलाल होते, कापसाचे होते, लाकडाचे होते, जनावरांचे होते. घरांचे नव्हते. "घर हलतं का?" कारकुनानं विचारलं. पंत म्हणाले, नाही. "मंग ते स्थावर. स्थावराचं हितं होत न्हाई, तिकडं जा." तिकडच्या कारकुनानं विचारलं की विक्री का भाडं? पंत म्हणाले, भाडं. "मंग घर ऱ्हातं जागच्या जागी, हलतो तो भाडेकरू. म्हंजे हे स्थावर न्हाई. तिकडं जा." पंतांनी तीन दिवस ही वारी केली. चौथ्या दिवशी पहिल्या कारकुनाला त्यांची दया आली की कंटाळा आला, कोण जाणे, पण त्यानं जनावरांच्या दलालाचा छापील परवाना काढून त्यावर जामखेडकरांचं नाव घातलं. "दलाल लिवलेलं हाय ना मोठ्या अक्षरात? बाकीचं कोण वाचून राह्यलं?"

वाचणारे निघाले. पाटी लागल्यावर दोनच दिवसांनी रखमाजी नावाचा एक शेतकरी दारात बैलजोडी घेऊन उभा राहिला. कचेरीतूनच त्याला पत्ता मिळाला होता. पंतांनी त्याला घर आणि बैल यांतला फरक शांतपणे समजावून सांगितला. रखमाजीनं तो ऐकून घेतला आणि म्हणाला, "आता आल्तोच हाय, तर दात तरी बघा." आता दारात आलेल्या माणसाला विन्मुख पाठवणं पंतांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी पाटीखाली उभं राहून, धोतराचा सोगा सावरत, बैलाचे दात पाहिले आणि जनावर सहादाती असल्याचा अभिप्राय दिला. काकासाहेबांनी तो आपल्या ओट्यावरून ऐकला आणि सबंध गल्लीला पोचवला. पंतांचं म्हणणं एवढंच होतं की अभिप्राय बरोबर होता.

मग पहिला माल आला. पिंपळगाव रेणुकाईचा पुंजाराम पंतांच्याच आडतीला वर्षानुवर्षं ज्वारी घालणारा. त्यानं पोरांच्या शाळेसाठी जुन्या जालन्यात घर बांधलं होतं. पोरं शिकून नोकऱ्यांना लागली आणि घराला कुलूप लागलं.

"चार खोल्या हायत पंत. दगडाचं काम. आंगन हाय, शेजारी आड हाय. म्या काय सांगून राह्यलो, राजानं ऱ्हावं असं घर हाय," पुंजाराम म्हणाला. "किल्ली मातर गावाकडं ऱ्हायली. कारभारनीपाशी, उषाबाईपाशी हाय."

पंत बाहेरून घर पाहून आले. भिंती उत्तम होत्या, दार सागवानी होतं. मोंढ्यात पुंजारामच्या पोत्यात कधी माती निघाली नव्हती, मग घरात काय निघणार? राहता राहिली किल्ली. पंत धुवट धोतर नेसून एस्टीनं भोकरदनला गेले, तिथून बैलगाडीनं पिंपळगावला. उषाबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं, जेवू घातलं, रेणुकाईचं दर्शन घडवलं आणि मग सांगितलं की किल्ली घेऊन मालक सकाळीच तुमच्याकडं गेल्ते की जालन्याला. पंत संध्याकाळी मांडीवर एक भलामोठा भोपळा घेऊन एस्टीतून परत आले, तर प्रेमलाबाई म्हणाल्या, "पुंजाराम आल्ते. तुम्ही न्हाई म्हणून दोन घंटे बसले अन् किल्ली घेऊन परत गेले. म्हणले, पंत गावाकडं हायत, जल्दी गाठतो."

भोपळा आठ दिवस पुरला.

आणि नेमकं दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक आलं. बदनापूरच्या शेतकी केंद्रावर सातारकडून बदलून आलेले केशवराव बर्वे, आणि त्यांच्या पत्नी अरुंधतीबाई. केशवराव सगळ्याला मान डोलावणारे गृहस्थ होते. निर्णयाचं खातं अरुंधतीबाईंकडे होतं. बदनापुरात एका खोलीत दिवस काढून त्या कावल्या होत्या. नवऱ्यानं रोज आगगाडीनं जावं-यावं, पण आपण जालन्यात राहायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

"घर आत्ता पाहता येईल का?" त्यांनी विचारलं.

किल्ली पिंपळगावात होती. दुसरा एखादा माणूस म्हणाला असता, परवा या. पण मोंढ्यात परवा या असं कोणी म्हणत नाही. तिथं गोदामातली दोनशे पोती कोणी उघडून दाखवत नाही. दलाल मूठभर दाणे रुमालावर पसरतो, घेणारा ते दातांखाली फोडतो आणि सौदा होतो. पंतांच्या चेहऱ्यावर तेज आलं.

"घर पाहायची गरजच नाही, ताई. मी तुम्हाला नमुना दाखवतो," ते म्हणाले. "या आत."

आणि त्यांनी पाहुण्यांना आपलं राहतं घर दाखवलं.

हे करताना त्यांच्या मनात काही पाप नव्हतं, हे आपण लक्षात घेतलं पाहिजे. त्यांना घर म्हणजे काय असतं हे दाखवायचं होतं, आणि जवळ असलेलं सगळ्यात चांगलं घर हेच होतं. प्रेमलाबाईंना वाटलं, पाहुणे आलेत. त्यांनी पोहे टाकले. अरुंधतीबाईंनी फळीवरचे डबे पाहिले, लोणच्याच्या बरण्या पाहिल्या, खिडकीतून नदी पाहिली आणि मागच्या दारी जाऊन नळ सोडला. पाणी धो धो आलं. तेवढ्यात शेजारच्या बाया कोण आलंय ते पाहायला डोकावल्या. एकीनं ताटलीभर धपाटे आणले. काकासाहेब येऊन निजामाच्या हत्तीची गोष्ट सांगून गेले. ती खोटी होती, पण ते ती झकास सांगत. अरुंधतीबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"असंच आहे ना ते घर?" निघताना त्यांनी विचारलं.

"ताई, मोंढ्याचा कायदा आहे. जी मूठ दाखवली तोच माल द्यायचा. तफावत निघाली तर दलालानं घरातून भरून द्यायचा," पंत छातीवर हात ठेवून म्हणाले. घरातून हा शब्द त्यांनी सवयीनं वापरला.

केशवरावांनी इसार दिला. पंतांनी पावती लिहिली. अठरा वर्षं जो मजकूर लिहिला तोच हातातून उतरला. घर नमुन्याबरहुकूम देईन, तफावत पडल्यास जबाबदारी माझी. खाली लफ्फेदार सही, साक्षीला काकासाहेब. काकासाहेबांनी सही उर्दूत केली, कारण महत्त्वाच्या कागदावर ते दुसऱ्या लिपीत सहीच करत नसत.

तीन दिवसांनी पुंजाराम किल्लीसकट सापडला आणि सगळे मिळून जुन्या जालन्यात गेले. पुंजारामनं सागवानी दार उघडलं. अंगणात एक म्हैस उभी होती, तिला शेजारीण भिंतीवरून वैरणपाणी करायची. तिनं बर्वे दांपत्याकडे पाहिलं आणि पुन्हा रवंथ सुरू केलं. पहिल्या दोन खोल्यांत आढ्यापर्यंत सरकी भरलेली होती. तिसरीत मोडक्या नांगरांचे अवशेष. चौथी रिकामी होती, पण तिच्यात म्हैस रात्री झोपायची. वास सगळीकडे सारखा होता.

"पुंजाराम, ही सरकी!" पंतांच्या तोंडून एवढंच निघालं.

"सरकी काय मानसाला चावून राह्यली का?" पुंजारामला खरोखर नवल वाटलं. "एका कोपऱ्यात पडून ऱ्हाईल बिचारी. अन् म्हस लई गुनी हाय."

अरुंधतीबाईंनी एका हातानं नाकाला पदर लावला आणि दुसरा हात नवऱ्यापुढे केला. केशवरावांनी मुकाट्यानं पावती दिली. बाईंनी ती मोठ्यानं वाचली. "तफावत पडल्यास जबाबदारी माझी. जामखेडकर, तफावत पडली आहे. मला नमुन्यासारखं घर द्या."

"ताई, तसं घर गावात दुसरं..."

"दुसरं कशाला? तेच चालेल."

पंत हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की बाकी कोणी हसत नाही.

इसार परत देऊन सुटता आलं असतं. केशवरावांनी तर हळूच तसं सुचवलंही. पण पुंजाराम तिथून सरळ मोंढ्यात गेला आणि घडलेला मजकूर त्यानं कुठलाही वाईट हेतू न ठेवता चहाच्या दुकानात सांगितला. दुपारपर्यंत हमालांच्यासुद्धा तोंडी एकच वाक्य होतं, जामखेडकरांची मूठ खोटी निघाली. खोटी मूठ ही मोंढ्यात चोरीहून वाईट. चोराला निदान पुन्हा कोणी काम देतो. संध्याकाळी शेटजींनी बोलावणं पाठवलं. ते रागावले नाहीत. "पंत, अठरा बरस आपकी मूठ पे मैंने आँख बंद करके माल दिया," एवढंच म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले. रागावले असते तर पंतांनी तोंडाला तोंड दिलं असतं. त्या मळण्याकडे पाहत त्यांनी चपला घातल्या.

घरी येईपर्यंत पंतांचा निश्चय झाला होता. दलाली बुडाली तरी चालेल, पण जामखेडकरांचा शब्द बुडणार नाही. निश्चय उत्तम होता. तो प्रेमलाबाईंना सांगायचा होता, एवढीच काय ती अडचण.

त्यांनी ओट्यावरून आत यायला पाऊण तास लावला. मग कपाळावर घाम घेऊन, दाराच्या चौकटीला धरून, त्यांनी सगळं सांगितलं. नमुना, पावती, सरकी, म्हैस, शेटजी. आवाज मात्र त्यांनी शेवटपर्यंत ठाम ठेवला.

प्रेमलाबाईंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. त्याच्यावर पाण्याचा हबका मारला. मग म्हणाल्या, "कधी जायचं?"

पंतांनी बारा प्रकारची बोलणी ऐकायची तयारी केली होती. या दोन शब्दांची केली नव्हती. ते त्यांना फार लागले.

बद्रीनाथाला कळवताच तो वडीगोद्रीहून दुसऱ्याच गाडीनं हजर झाला. सरकारी पगाराचा भाडेकरू आणि भाडंही जास्तीचं! त्यानं नळाकडे पाहून पहिल्यांदाच उसासा टाकला नाही. दोन दिवसांत बर्वे नळाच्या घरात आले आणि जामखेडकरांचं बिऱ्हाड पुंजारामच्या घरी. "तुमी आपलीच मानसं, सरकीला तुमची काय अडचन न्हाई," असं म्हणून पुंजारामनं चौथी खोली उघडून दिली.

प्रेमलाबाईंनी पदर खोचला. पहिल्या दिवशी म्हैस अंगणाच्या टोकाला गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुंजारामला समोर उभं करून विचारलं, "भाऊ, तुमच्या बहिणीला तुम्ही सरकीच्या शेजारी झोपवलं असतं का?" पुंजाराम तिसऱ्या दिवशी गाड्या घेऊन आला आणि सरकी हलली. चौथ्या दिवशी भिंतींना चुना लागला. भिंतीपलीकडे नंदाबाई म्हणून एक शेतकरीण राहायची. आड तिचा. तिचा आवाज नदीपलीकडे ऐकू जाई. पाचव्या दिवशी नंदाबाई भिंतीवरून वाटीभर दही देऊ लागली आणि सातव्या दिवशी भिंतीवर कोपरं टेकून दोघींची दोन दोन तास बोलणी व्हायला लागली.

नवऱ्याशी मात्र बोलणं बंद. जे सांगायचं ते त्या म्हशीला सांगत. "म्हशे, भाकरी वाढलीय, म्हणावं." "म्हशे, जिऱ्याची पुडी आणायची ऱ्हायली, म्हणावं." पंत उत्तरं म्हशीकडे पाहूनच देत. या व्यवहारात सगळ्यात शांत कोण असेल तर ती म्हैस होती. पंत जिरं आणायचे, आडाचं पाणी शेंदायचे, आणि वाटेत ओळखीचा भेटला की सांगायचे, "धंदा जोरात आहे. पहिलाच सौदा पार पडला."

पंधराव्या दिवशी दारात टांगा थांबला आणि अरुंधतीबाई उतरल्या. हातात पावती होती. पंतांनी मनातल्या मनात घराचा कोपरान् कोपरा तपासला. नळाचा वायसर बदलून दिला होता. खिडकीची कडी नवी लावली होती. भिंतीतला एक खिळासुद्धा उपटून आणला नव्हता.

"तफावत आहे, जामखेडकर," त्या म्हणाल्या.

"ताई!" पंतांचा आवाज चढला. "घर तेच, नळ तोच! मोंढ्यात एवढा बरहुकूम माल आजवर कोणी दिला नसेल!"

"घर तेच आहे," अरुंधतीबाई खाली बसल्या. "हे सकाळच्या गाडीनं जातात ते दिवेलागणीला येतात. मधे मी आणि तो नळ. त्या दिवशी किती माणसं होती हो! आता कोणी डोकावत नाही. मी साहेबीणबाई. मी ओट्यावर आले की बाया उठून उभ्या राहतात. काकासाहेब गल्लीच्या त्या टोकाला जाऊन बसतात. सातारला आमच्या घरात चौदा माणसं. मी कधी एकटी जेवले नव्हते." त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि पावतीची घडी घालायला घेतली. "काल सणाच्या पुरणपोळ्या केल्या, तर ताटली कुणाला द्यायची ते सुचेना."

प्रेमलाबाई उठून अरुंधतीबाईंजवळ जाऊन बसल्या. तेवढ्यात भिंतीवरून नंदाबाईचं डोकं वर आलं.

"कोन आलंय गं प्रेमलाबाई? रडून कामून राह्यली ती?" उत्तराची वाट न पाहता तिनं थेट विचारलं, "लेकरं किती हायती बाई तुला? न्हाईत अजून? मंग रडायला टाइम लई आसंल. हिकडं ये, अंबाडी निवडू लाग."

सातारच्या साहेबीणबाईंना असं कोणी कधी बोललं नसावं. त्या आधी दचकल्या, मग हसल्या, आणि मग खरंच उठून भिंतीपाशी गेल्या. तासाभरानं परतल्या त्या हातात अंबाडीची जुडी घेऊन. त्यांनी चुन्यानं पांढऱ्या झालेल्या खोल्यांतून एक चक्कर मारली. म्हशीच्या पाठीवरून हातसुद्धा फिरवला.

"जामखेडकर, मला हे घर हवंय."

पंत ताडकन उठले. त्यांच्या अंगात अठरा वर्षांचा मोंढा संचारला. दाखवली ती मूठ भरल्या घराची, दिला तो माल रिकाम्या घराचा! तफावत उघड होती. कायद्यानं माल परत घेणं त्यांना भागच होतं, आणि एखादा कायदा इतक्या आनंदानं त्यांनी आयुष्यात पाळला नव्हता. "मी आत्ता नवी पावती करतो," ते म्हणाले आणि दौत शोधू लागले.

"कागद न्हाई," प्रेमलाबाई म्हणाल्या.

पंधरा दिवसांत हे वाक्य प्रथमच म्हशीमार्फत आलं नव्हतं. पंतांनी दौत जागेवर ठेवली.

पुंजारामला काहीच हरकत नव्हती. त्याच्या घराला खरोखरच राजा मिळाला होता, आणि म्हशीला अरुंधतीबाईंनी ठेवून घेतलं. अडला तो बद्रीनाथ. जामखेडकर परत येणार असतील तर त्यांनीही जास्तीचंच भाडं भरलं पाहिजे, असं म्हणत तो दारात उभा राहिला. पंतांनी त्याच्याशी बाजारभाव, मागणी आणि पुरवठा यांवर अर्धा तास वाद घातला. बद्रीनाथ ढिम्म हलेना. मग प्रेमलाबाई बाहेर आल्या.

"बद्रीनाथभाऊ, एका महिन्यात दोन बिऱ्हाडं उठली तुमच्या घरातून. लोक काय म्हणून राह्यले, कानावर आलं का? म्हणतेत, घरात काहीतरी हाय. तिसरं बिऱ्हाड मिळतंय का बघा मंग."

बद्रीनाथनं घराकडे पाहिलं. एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. मग जुन्याच भाड्यावर किल्ली दिली आणि उजेड आहे तोवर वडीगोद्रीची गाडी गाठली.

सामान गाडीत भरलं. प्रेमलाबाई डब्यांच्या ट्रंकेवर बसल्या, पंत गाडीवानाच्या मागं. गाडी कुंडलिकेच्या पुलावर आली. पंतांनी दोनदा घसा साफ केला. तिसऱ्यांदा साफ करून ते म्हणाले, "माझं चुकलं. मोंढ्यात चुकलं नाही, घरात चुकलं. तुला विचारायला हवं होतं."

प्रेमलाबाई नदीकडे पाहत होत्या.

"एक विचारू?" पदर सावरत त्या म्हणाल्या. "अख्ख्या जालन्यात एवढी घरं. शेटजींचा बंगला हाय, वकिलांच्या माड्या हायत, सगळ्यांशी तुमची ओळख. मंग दाखवायला तुम्हाला आपलंच घर कसं सुचलं?"

पंतांना हा प्रश्न इतका सोपा वाटला की त्यांना त्यात काही खोच असावी अशी शंका आली. "म्हणजे काय? नमुना नेहमी सगळ्यात चांगल्या दाण्यांचा दाखवायचा असतो," ते म्हणाले. "याच्याहून चांगलं घर दुसरं कुठं होतं?"

गाडी पूल उतरून कादराबादेच्या चढाला लागली तशा प्रेमलाबाई ट्रंकेवर थोड्या सरकल्या आणि त्यांनी हातानं शेजारची जागा झटकली.

"हिकडं बसा. तिथं धूळ उडून राह्यली."

पंत उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"अन् सोमवारी मोंढ्यात जायचं."

"जाणारच आहे," भालचंद्रपंत जामखेडकर ताठ बसत म्हणाले. "माझी मूठ खरी निघाली, हे शेटजींना सांगायला नको?"